दारावरील वही आणि घरांतील माणसें

शहरांत सहकारी गृहसंस्थेच्या इमारतींत राहणाऱ्या आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं वर्षांतून एकदां तरी एक छापील कागद येतो. कधीं रखवालदार तो दाराच्या फटींतून आंत सरकवितो, कधीं तो मोबाइलवर अवतरतो. वर संस्थेचें नांव व नोंदणी क्रमांक, त्याखालीं 'रहिवाशांची माहिती' असा मथळा, आणि मग रकानेच रकाने. कुटुंबांत माणसें किती, त्यांचीं वयें, परस्परांशीं नातें, कोण कोठें नोकरीस आहे, वाहनें किती व त्यांचे क्रमांक, आधार क्रमांक, मूळ गांव, घरकामास येणाऱ्या बाईचें नांव, तिचा पत्ता, तिचें छायाचित्र. घर भाड्यानें दिलेलें असेल तर भाडेकरूसाठीं कागद निराळा, आणि तो बहुधा दुप्पट लांब. 'आठ दिवसांच्या आंत भरून द्यावा' एवढी आज्ञा तळाशीं असते. ही माहिती कशासाठीं हवी, ती कोठें ठेवणार, कोण वाचणार आणि किती वर्षांनीं नष्ट करणार, ह्याबद्दल मात्र बहुधा अक्षरही नसतें.

एकत्र कुटुंबांत हा कागद भरण्याचें काम ज्याचें अक्षर चांगलें किंवा ज्यास वेळ मोकळा त्याच्याकडे जातें. आजोबा चष्मा पुसून बसतात आणि घरांतल्या नऊ माणसांच्या जन्मतारखा, नोकऱ्या व दूरध्वनी एका बैठकींत लिहून मोकळे होतात. त्या नवांपैकीं आठांस कोणीं विचारलेलेंही नसतें. धाकट्या सुनेनें नोकरी बदलली आहे आणि ती गोष्ट अजून घराबाहेर जाऊं नये असें तिला वाटतें, थोरल्या नातवाचें औषधपाणी चालू आहे, आत्याबाई सासरीं न नांदतां माहेरीं राहावयास आल्या आहेत, ह्या साऱ्या गोष्टी 'शेरा' नांवाच्या शेवटच्या रकान्यांत सहज जाऊन बसतात. आम्हांस येथें थोडें थांबावेंसें वाटतें.

ह्यावर एक सरळ आक्षेप येईल. पूर्वीं तरी कोणाचें काय झांकलेलें होतें? गिरगांवांतील चाळींत एका बिऱ्हाडाच्या चुलीवर काय शिजतें तें चौथ्या बिऱ्हाडास वासावरून कळे. सदाशिव पेठेंतील वाड्यांत मालक माडीवर, भाडेकरू खालीं, मध्यें एकच चौक आणि एकच नळ. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची मुलगी दाखविली, कोणाचा मुलगा मॅट्रिकला आडवा झाला, हें सगळें सकाळच्या घागरीबरोबर नळावर भरलें जाई. चाळींत वाढलेल्या पिढीला त्या उघडेपणाची आज ओढही वाटते. मग संस्थेनें चार रकाने भरून मागितले तर एवढें बिघडलें काय?

आमच्या मतें बिघडलें तें असें. शेजाराची माहिती दोन्ही बाजूंनीं वाहत असे. तुमचें मला ठाऊक तसें माझें तुम्हांस ठाऊक, त्यामुळें जीभ आपोआप आंवरली जाई. शिवाय ती माहिती विसरली जाई. चार सणवार गेले, एखादें बारसें झालें, कीं जुनी कुजबूज मागें पडे. कागदावरील माहिती एकाच दिशेनें जाते. चिटणिसांस तुमच्या सुनेच्या कचेरीचा पत्ता कळतो, तुम्हांस त्यांच्या सुनेचा कळत नाहीं. आणि कागद विसरत नाहीं. यंत्रांत गेलेला कागद तर एका क्षणांत शंभर ठिकाणीं जाऊन बसतो. ज्याच्या हातीं ही वही, त्याच्या हातीं थोडासा अधिकार आपसूक येतो, आणि समितीच्या निवडणुकींत मत देतांना तो अधिकार कोणाच्याच मनांत नसतो.

गृहसंस्थांचा मूळ हेतु असा नव्हता. मुंबईच्या गांवदेवी भागांत १९१५ सालीं श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांच्या पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. आपल्या देशांतील अगदीं आरंभींच्या गृहसंस्थांत तिची गणना होते. १९०४ च्या पहिल्या सहकारी कायद्याची दृष्टि पतपेढ्यांपुरतीच होती. १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या संस्थांस वाट मोकळी करून दिली, आणि १९२५ सालीं मुंबई इलाख्यानें आपला स्वतंत्र कायदा केला. त्या काळच्या सह-भाडेकरू पद्धतीच्या संस्थांत इमारत संस्थेची असे आणि सभासद संस्थेस भाडें देत. म्हणजे आज ज्या भाडेकरूकडे गृहसंस्था तिरप्या नजरेनें पाहते, तो मूळ कल्पनेंत स्वतः सभासदच होता! एकमेकांच्या लग्नमुंजींस जाणाऱ्या कुटुंबांस परस्परांची चौकशी करण्यास छापील कागद लागत नसे. संस्थेची वही होती ती भागांची आणि हप्त्यांची.

आज महाराष्ट्रांत एक लाखाहून अधिक सहकारी गृहसंस्था आहेत. एकेका संकुलांत तीनशें-चारशें सदनिका असतात, उद्वाहनांत समोर उभ्या असलेल्या गृहस्थाचें नांव आपणांस ठाऊक नसतें, आणि शेजाऱ्याचें आडनांव दारावरील पाटीवरून वाचावें लागतें. ओळख गेली, आणि तिची उणीव भरून काढण्याचें काम कागदाकडे आलें. अनोळखी माणसांच्या वस्तींत भय असतें हें आम्ही नाकारीत नाहीं. दुपारीं घरांत एकटी वृद्ध जोडपीं असतात, चोऱ्या होतात, खोट्या नांवानें घरें भाड्यानें घेतलीं जातात. दाराशीं कोण आलें हें रखवालदारास कळावें, ही मागणी वाजवी आहे. वाजवी कोठें संपतें, एवढाच प्रश्न आहे.

तो सोडवावयाचा तर कायदा खरोखर काय मागतो तें आधीं पाहिलें पाहिजे, कारण 'कायद्यानें द्यावेंच लागतें' हें वाक्य समितीच्या तोंडीं फार सैलपणें येतें. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणें संस्थेनें सभासदांची नोंदवही ठेविली पाहिजे. तींत सभासदाचें नांव, पत्ता, व्यवसाय, त्याचे भाग, तो सभासद केव्हां झाला व केव्हां राहिला नाहीं त्या तारखा, आणि त्यानें नामनिर्देशन केलें असल्यास त्या व्यक्तीचें नांव, इतक्या गोष्टी येतात. जाणत्या सभासदांस हीच 'आय' नमुन्याची वही म्हणून ठाऊक असते. 'जे' नमुना म्हणजे सभासदांची यादी. सुनेची कचेरी, नातवाची शाळा, आत्याबाईंचें माहेरीं राहणें, ह्यांपैकीं कशाचाही तींत पत्ता नाहीं.

भाडेकरूंची गोष्ट थोडी निराळी आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ५५ व्या कलमानें भाड्याचा अथवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी असून नोंदविलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. न नोंदविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याखेरीज पोलीस आयुक्तांच्या हुकमांप्रमाणें भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास कळवावयाची असते, तीही मालकानेंच. संस्थेचा भाग त्यानंतर येतो. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणें घर भाड्यानें देण्यास संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाहीं. सभासदानें आठ दिवस आधीं लेखी कळवावें आणि कराराची व पोलिसांस दिलेल्या माहितीची प्रत संस्थेस द्यावी, इतकेंच. वाचकांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. संस्थेस कळवावयाचें असतें, विचारावयाचें नसतें. भाडेकरूस समितीपुढें बसवून त्याची मुलाखत घेण्याची जी चाल कित्येक ठिकाणीं पडली आहे, तिला ह्या उपविधींत कोठेंच थारा नाहीं.

पैशाचीही एक बाब येथें आहे, आणि ती फार थोड्यांच्या ध्यानांत येते. भाड्यानें दिलेल्या घरावर संस्था जो बिनभोगवटा आकार घेते, त्यास शासनानें १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानें मर्यादा घातली: सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नाहीं. आकार सेवाशुल्कावर ठरतो, भाड्यावर नव्हे. मग भाडें किती, अनामत किती, ह्याच्याशीं संस्थेचा संबंध उरला कोठें? तरीही कराराची जी प्रत संस्थेच्या कपाटांत जाते तींत भाडें असतें, अनामत असते, दोन्ही पक्षांचीं छायाचित्रें व ओळखपत्रांचे क्रमांक असतात, आणि चिटणिसांच्या घरीं चहाच्या पेल्याबरोबर 'तिसऱ्या मजल्याचें पन्नास हजारांस गेलें म्हणे' हेंही निघतें. त्या प्रतींतील रकमा झांकून ती दिली तर संस्थेचें कोणतेंही काम अडण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. त्याच आदेशाप्रमाणें घरांत सभासदाचे जवळचे कुटुंबीय, विवाहित मुलगी किंवा नातवंडें राहत असतील तर हा आकार लागत नाहीं. सवलत चांगली, पण तिच्या पोटीं दुसरा कागद जन्मास येतो. मुलगी आपलीच हें सिद्ध करण्यास तिचा जन्मदाखला, ती विवाहित हें दाखविण्यास विवाहाचा दाखला, आणि नातवंडासाठीं ह्या दोहोंची माळ. नातें दाखविण्यास एक सही केलेलें प्रतिज्ञापन पुरे व्हावें असें आमचें मत आहे.

कायद्याच्या ह्या कुंपणाबाहेर जें मागितलें जातें त्याचा एक नमुना आम्हीं पाहिला आहे. पुण्याच्या एका उपनगरांतील संस्थेचा तो भाडेकरूसाठींचा कागद. त्यांत 'विवाहित कीं अविवाहित', 'धर्म व जात', 'आहार', 'रात्रीं येण्याची सर्वसाधारण वेळ' आणि 'भेटीस येणाऱ्या मित्रमैत्रिणींची नांवें' असे रकाने होते. शेवटचा रकाना वाचून आम्हांस हसूं आलें. त्याच्या वरचे वाचून आलें नाहीं. कोणी म्हणेल, कांहीं संस्था एका समाजापुरत्याच असतात. खरें आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, उपविधींत तसें असल्यास सभासदत्व एका समाजापुरतें ठेवतां येतें, असा निकाल दिला. परंतु ज्या संस्थेच्या उपविधींत असें कांहीं नाहीं, तिनें भाडेकरूची जात लिहून घेऊन तिचें करावयाचें काय? उत्तर सर्वांस ठाऊक असतें आणि कोणी मोठ्यानें बोलत नाहीं.

आमच्या वाचकवर्गानें ह्या ठिकाणीं जरा आपल्या घराकडे पाहावें असें आम्ही सुचवूं. 'शाकाहारी कुटुंबासच द्यावयाचें आहे' ही जाहिरात आपल्यांतील कित्येकांनीं दिलेली असते. मालकानें आपल्या घरांत कोणास ठेवावें हा वाद आम्ही आज उकरीत नाहीं. पण मालकाची आवड ही एक गोष्ट, आणि साऱ्या इमारतीनें ती आवड रकान्यांत लिहून कायमची जपून ठेवणें ही दुसरी. शिवाय काळ असा आला आहे कीं ज्या घराचें पुण्यांत एक घर भाड्यानें दिलेलें आहे, त्याच घरचा मुलगा बंगळूरास भाड्यानें राहतो आणि मुलगी हैदराबादेस दोन मैत्रिणींसह बिऱ्हाड करून आहे. तिकडे तिला 'लग्न झालें आहे का? आईवडिलांचें संमतिपत्र आणा. भाऊ म्हणून येतो तो खरोखर भाऊ कशावरून?' असें विचारलें कीं येथें वडिलांचा संताप होतो. त्याच वडिलांच्या सहीनें येथल्या कागदावर तसेच रकाने छापलेले असतात, कारण ते समितीवर आहेत. भाडेकरूस संस्थेच्या सभेंत मत नाहीं. संस्थेचें दप्तर पाहण्याचा व प्रती मागण्याचा जो हक्क सभासदास आहे, तोही त्यास नाहीं. ज्याचें सर्वांत अधिक लिहून घेतलें जातें त्यासच तें वाचतां येत नाहीं.

आतां दारावरील नव्या वहीकडे वळूं. जुन्या वहींत पाहुणा आपलें नांव, घर क्रमांक व वेळ वेड्यावांकड्या अक्षरांत लिही. ती वही पावसांत भिजे, महिन्या-दोन महिन्यांनीं रद्दींत जाई. तिच्या जागीं आतां मोबाइलचें ॲप आलें आहे. पाहुणा दाराशीं आला कीं रखवालदार त्याचा दूरध्वनी क्रमांक घेतो, छायाचित्र काढतो, वर घरांत घंटी वाजते, आणि आपण बोट लावून त्यास आंत घेतों. सोय मोठी आहे, हें म्हाताऱ्या माणसांस विशेष जाणवतें. पण प्रत्येक येण्याजाण्याची वेळ त्यांत साठत जाते, आणि ती संस्थेच्या कपाटांत नव्हे तर एखाद्या कंपनीच्या दूरच्या यंत्रांत साठते. त्या कंपनीशीं करार समितीनें केलेला असतो. तो करार सभेपुढें वाचून दाखविल्याचें आमच्या ऐकिवांत फार थोड्या ठिकाणीं आहे.

ह्या यंत्राचा भार सर्वांत अधिक पडतो तो घरकामास येणाऱ्या बायांवर. त्यांचा आधार, छायाचित्र, पत्ता, कोठें कोठें बोटाचा ठसासुद्धां घेतला जातो. कोणत्या घरीं त्या किती वाजतां गेल्या, किती वाजतां निघाल्या, महिन्यांत किती खाडे झाले, हें मालकिणीस घरबसल्या दिसतें. त्यांच्या नांवापुढें पांचांपैकीं किती तारे द्यावयाचे तेंही घरोघरच्या बायका ठरवितात. पंधरा वर्षें एका घरीं पोळ्या करणाऱ्या बाईनें एके दिवशीं पगारवाढ मागितली, मालकीण रागावली, आणि बाईचे दोन तारे गळाले. आतां दुसऱ्या इमारतीच्या दाराशींही ते दोनच राहतात. मालकिणीस मात्र तारे देण्याची सोय त्या बाईस नाहीं. परस्परांचें परस्परांस ठाऊक असणें, हा जुन्या शेजाराचा जो गुण आम्हीं वर सांगितला, तो येथें पुरता नाहींसा झालेला दिसतो. २०२० सालच्या टाळेबंदींत ह्याच बायांस कित्येक संस्थांनीं, सरकारी निर्बंध सैल झाल्यावरही, आपल्या नियमानें दाराबाहेर ठेविलें. त्यांच्या तापाची रोजची नोंद झाली, रहिवाशांच्या तापाची मात्र बहुधा त्यांच्या शब्दावर सोडण्यांत आली. पुण्याच्या जुन्या घराण्यांत १८९७ च्या प्लेगमधील घरझडतीच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. गोऱ्या शिपायांशीं समितीच्या सभासदांची तुलना करणें अन्यायाचें होईल. साथीच्या दिवसांत दुसऱ्याच्या घराचा उंबरठा किती सहज ओलांडला जातो, एवढेंच आम्हांस त्यावरून सुचलें.

घरांतल्या स्त्रियांसही ह्या वहीची झळ लागते. रात्रपाळीची नोकरी करणारी सून किंवा मुलगी किती वाजतां, कोणत्या गाडींतून आली, हें दारावर नोंदलें जातें आणि सीसीटीव्हींत दिसतें. एका घरीं असा प्रसंग घडल्याचें आमच्या कानीं आलें: समितीवरील एका गृहस्थांनीं सकाळच्या फेरफटक्यांत सुनेच्या सासऱ्यांस थांबवून, 'काल बारा वाजून गेले होते, काळजी वाटली म्हणून सांगतों' असें म्हटलें. सासरे समजूतदार होते, त्यांनीं 'आम्हांस ठाऊक आहे' एवढेंच उत्तर दिलें. सगळेच सासरे तसे असतात असें नाहीं. चोर धरण्यासाठीं बसविलेला कॅमेरा सुनेवर पहारा ठेवूं लागला तर त्याचा खर्च दरमहा आपणच देत आहों, ही त्यांतली गंमत.

आणि ही माहिती जाते कोठें? समिती बदलली कीं जुन्या चिटणिसांच्या घरीं राहिलेला संगणक कोणी परत घेतो काय? आधारच्या झेरॉक्स प्रती कपाटांत वर्षानुवर्षें पडतात, त्यांच्या कोऱ्या बाजूवर पुढें नळदुरुस्तीचा हिशेब लिहिलेला आम्हीं पाहिला आहे. सभासदांच्या याद्या दूरध्वनीसह साऱ्या गटाच्या मोबाइलवर पाठविल्या जातात, आणि तेथून त्या घर-दलालापर्यंत व विमा विकणाऱ्यापर्यंत पोंचतात. कोणतें घर मे महिनाभर बंद आहे, कोणत्या घरीं वृद्ध एकटे आहेत, त्यांचा मुलगा परदेशीं कोठें आहे, ही यादी चोरास व दूरध्वनीवरून पोलीस असल्याचें सोंग करून म्हाताऱ्यांस लुबाडणाऱ्या ठकांस किती मोलाची आहे! सुरक्षिततेसाठीं जमविलेली वही अशा हातीं पडली म्हणजे तिचा उपयोग उलटाच होतो.

खऱ्या संकटासाठीं लागणारी माहिती मात्र त्या कागदावर क्वचितच विचारलेली असते. आग लागली, जिना धुरानें भरला, अशा वेळीं अग्निशामक दलाच्या माणसास एवढेंच हवें असतें कीं कोणत्या मजल्यावर कोण अंथरुणास खिळलेलें आहे, कोणास चालतां येत नाहीं, कोणाच्या घरीं प्राणवायूची नळकांडी आहे, आणि रात्रीं दोन वाजतां कोणास दूरध्वनी करावा. चार ओळींचा हा कागद, बंद पाकिटांत, दाराच्या चौकींत ठेवण्यासारखा. तो मागणारी संस्था आम्हांस अजून भेटावयाची आहे.

कायदाही आतां ह्या विषयाकडे वळला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें, खासगीपणा हा घटनेनें दिलेल्या मूलभूत हक्कांत मोडतो असें ठरविलें. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार-निकालानें, खासगी संस्थांस कराराच्या जोरावर आधारची पडताळणी मागण्याची जी मुभा कायद्याच्या ५७ व्या कलमांत होती ती रद्द झाली. आधारच्या सक्तीचा आधारच गेला म्हणावयाचा. ओळख पटवावयाची तर मतदारपत्र, वाहन परवाना, पारपत्र ह्यांपैकीं कोणतेंही चालण्यासारखें आहे. आधारच द्यावयाचा असेल तर बारापैकीं शेवटचे चारच आंकडे दिसतील अशी झांकलेली प्रत सरकारी संकेतस्थळावरूनच उतरवून घेतां येते, ती पुरे. आणि आधार क्रमांक उघड फलकावर लावणें कायद्यास मुळींच मान्य नाहीं.

त्यापुढचा कायदा २०२३ चा, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि माहिती ठेवणाऱ्यांचीं मुख्य कर्तव्यें त्यानंतर अठरा महिन्यांनीं, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यांत, अंमलांत यावींत अशी योजना त्यांत आहे. दुसऱ्याची माहिती बाळगणाऱ्यास ह्या कायद्यानें जें नांव दिलें आहे त्याचा मराठी अर्थ 'विश्वस्त' असा होतो. हा शब्द समितीच्या प्रत्येक सभासदानें एकदां मनांत घोळवावा. कोणती माहिती कशासाठीं हवी हें आधीं सांगणें, संमति घेणें, काम संपल्यावर ती पुसून टाकणें, चूक असेल ती दुरुस्त करणें, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती आईबापांच्या पडताळलेल्या संमतीवांचून न घेणें, अशीं कर्तव्यें त्यांत आहेत. संमतीपूर्वीची सूचना घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील बावीस भाषांपैकीं कोणत्याही भाषेंत मिळण्याचा पर्यायही आहे; म्हणजे ती मराठींत मागतां येते. माहितीच्या रक्षणांत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशें कोटी रुपये. एखाद्या गृहसंस्थेवर एवढा दंड बसेल असें कोणी समजूं नये, पण ज्या कंपनीच्या यंत्रांत आपल्या दारावरील नोंदी आहेत तिनें तो आंकडा वाचलेला असतो. हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. जुनी हातानें लिहिलेली वही, ती यंत्रांत उतरविली नाहीं तोंवर, त्याच्या बाहेर राहते, म्हणून कपाटांतल्या झेरॉक्स प्रतींची काळजी आपली आपणांसच घ्यावी लागेल.

समितीवर काम करणारी मंडळी बहुधा बिनपगारी, निवृत्त, आणि शिव्या खाण्यास सर्वांत पुढें असतात, ह्याची आम्हांस जाणीव आहे. पोलिसांचा हुकूम आला, शेजारच्या इमारतींत चोरी झाली, कोणी सभासदानें सभेंत आरडाओरडा केला, कीं त्यांच्या हातून एक नवा रकाना वाढतो. तो वाढविणाराच्या मनांत बहुधा वाईट नसतें. पण रकाना वाढविण्याचा ठराव होतो तसा कमी करण्याचाही होऊं शकतो, आणि तो करण्याची जागा उद्वाहनांतील कुरकूर ही नव्हे, सर्वसाधारण सभा ही आहे. तेथें विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत. प्रत्येक रकाना कोणत्या कायद्यानें किंवा कोणत्या कामासाठीं ठेविला आहे? दारावरील नोंदी किती दिवस राहतात, आणि त्या पाहण्याची मुभा कोणाकोणास आहे? सीसीटीव्हीचें चित्रण कोण पाहतो, आणि कोणाच्या लेखी सांगण्यावरून? घर सोडून गेलेल्या भाडेकरूचे कागद केव्हां नष्ट होतात? घरकामाच्या बायांचे तारे बंद करतां येतील काय? त्या ॲपच्या कंपनीशीं झालेला करार सभासदांस वाचावयास मिळेल काय?

घरांतही एक लहान बदल करतां येण्याजोगा आहे. कागद आला म्हणजे तो एकट्यानें न भरतां, ज्याची त्याची ओळ ज्याच्या त्याच्यापुढें ठेवावी. सोळा वर्षांच्या नातीसही तिच्या ओळींत काय लिहावें हें विचारावें. भाडेकरूचा कागद त्याच्याकडे पाठविण्यापूर्वीं मालकानें स्वतः वाचावा, आणि जो रकाना आपण आपल्या मुलीस भरूं दिला नसता त्यावर रेघ मारून चिटणिसांस तसें लेखी कळवावें. घरकामाच्या बाईचा कागद तिला वाचून दाखवावा, आणि त्यांतलें काय द्यावयाचें तें तिनें सांगितल्यावरच लिहावें.

संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागते, आणि तिची सूचना चौदा दिवस आधीं निघते. विषयपत्रिकेंत हा विषय यावा असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं सूचना निघण्यापूर्वींच चिटणिसांस तसें पत्र द्यावें, दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी, आणि ती प्रत घरीं जपून ठेवावी.